आमसुलाची विद्या

प्रवास करावा तो एक तर तीर्थासाठी, नाही तर हवापालटासाठी, असा आमच्या घराण्याचा जुना दंडक. यंदाच्या वैशाखात आम्ही दापोलीस गेलो ते या दोहोंपैकी कशासाठीच नव्हे. आम्ही गेलो एका सहीसाठी. दापोली तालुक्यात समुद्रापासून कोस-दीड कोसावर आमच्या वाडवडिलांची लहानशी वाडी आहे. आमचे वडील चुलतबंधू, ज्यांस घरात लहानथोर सारेच दादा म्हणतात, ते वहिनींसह तेथे राहतात. त्यांचा दूरध्वनी आला, "आप्पा, वाडीला गिऱ्हाईक आले आहे. विसार घ्यावयाचा तर तुझी संमती हवी. एकदा येऊन जा." दादांचा आवाज नेहमीसारखाच होता, पण बोलणे संपल्यावरही त्यांनी काही वेळ फोन खाली ठेवला नाही, हे आमच्या लक्षात आले.

पुण्याहून निघून मुळशीच्या जलाशयाच्या काठाने ताम्हिणीचा घाट उतरलो. माणगाव मागे टाकून, सावित्री ओलांडून मंडणगडाच्या वाटेस लागलो. घाट उतरताच हवा अंगास चिकटू लागते. देशावरच्या माणसास ती नकोशी वाटते, पण आमच्या नाकास तिच्यात पिकल्या फणसाचा व तापल्या जांभ्या दगडाचा वास येतो आणि वय पन्नास वर्षांनी कमी होते. दापोलीचे पठार लागले तेव्हा ऊन कलले होते.

दापोलीचा इतिहास बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. १८१८ साली पेशवाई गेली आणि इंग्रजांनी या पठारावर लष्कराची छावणी घातली. म्हणून 'कॅम्प दापोली' हे नाव अद्याप जुन्या माणसांच्या तोंडी आहे. लोकमान्य टिळकांचे मूळ गाव चिखलगाव याच तालुक्यात. महर्षी कर्व्यांचे मुरूड येथून काही कोसांवर. साने गुरुजींचे पालगडही इथलेच. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे हे विद्यार्थिदशेत दापोलीच्या शाळेत होते. एवढ्याशा तालुक्यास एवढे विद्याधन लाभावे याचा अभिमान कोणास वाटणार नाही? परंतु या थोर नावांची उजळणी करताना एक गोष्ट या खेपेस प्रथमच आमच्या मनात आली. या साऱ्यांचे नाते या मातीशी आणि त्यांचे कार्य झाले बाहेर. कोकणाने दोन गोष्टी पिढ्यानपिढ्या बाहेर पाठविल्या, फळे आणि मुले. आणि दोन्ही कच्चीच पाठविली. त्यांवर जो संस्कार व्हावयाचा, तो दुसरीकडे झाला व त्याचे मोलही तिकडेच राहिले.

वाडीवर पोहोचलो तो अंगणात रातांब्यांची रास पडलेली. वहिनी विळीवर बसून फळे फोडीत होत्या आणि त्यांच्याजवळ दादांची नात वही घेऊन बसली होती. ही मुलगी दापोलीच्या कृषी विद्यापीठात अभियांत्रिकी शाखेत अन्नप्रक्रियेचा उच्च अभ्यास करते. आम्ही जुन्या अकरावीपर्यंत शिकलेले, ज्या परीक्षेस आमचे वडील मॅट्रिक म्हणत. पुढचे सारे आयुष्य संस्कृत शिकविण्यात गेले. तेव्हा तिच्या विद्येत आम्हांस गती नाही. पण आमसूल कसे होते, हे आम्हांस लहानपणापासून ठाऊक आहे.

घाटावरच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. रातांबा पिकून लालजांभळा झाला की धुऊन फोडतात. आतला बियांसहित गर काढून त्यात मीठ घालतात. त्याला रस सुटतो. साली उन्हात पसरतात. सुकल्या की त्याच रसात बुडवून पुन्हा उन्हात घालतात. यास पुट देणे म्हणतात. अशी पाच-सहा पुटे झाली म्हणजे साल काळसर, लवचिक व वर्षभर टिकणारी होते, तेच आमसूल. मिठासह गाळून ठेवलेला रस तो आगळ. सालींवर साखर घालून मुरविलेले ते अमृतकोकम. आणि बियांच्या गरातून निघणारे, मुठीत वळून ठेवायचे तेल ते मुठेल, ज्याने आमच्या आजीने आमच्या भेगाळलेल्या टाचा बऱ्या केल्या. एका फळात वाया जावे असे काही नाही.

परंतु या सगळ्यास एक वैरी आहे, आणि तो म्हणजे पाऊस. रातांबा तयार होतो वैशाख-ज्येष्ठात. पुटे द्यावयास उन्हाचे दिवस हवेत. आणि नेमका त्याच वेळी वळीव येतो व त्यामागून मोसमी पाऊस. आम्ही दहा वर्षांचे असताना असेच झाले. साली दोन पुटांवर होत्या आणि मे महिन्याच्या अखेरीस जो पाऊस लागला तो थांबेना. साली माजघरात पसरल्या, चुलीवरच्या शिंकाळ्यात टांगल्या. चार दिवसांत सर्वांवर पांढरी बुरशी आली. काकूने टोपल्यामागून टोपल्या पऱ्यात रिकाम्या केल्या आणि पऱ्याचे पाणी खालच्या साकवापर्यंत लाल झाले. आम्हां मुलांस त्याची मौज वाटली. पण त्या आमसुलाच्या पैशांतून थोरल्या बंधूंची शाळेची फी व्हावयाची होती. त्या जूनमध्ये त्यांचे नाव शाळेतून निघाले व ते मुंबईस गिरणीत लागले. ते पुढे सणावारी येत. राहावयास मात्र कधी आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी नात म्हणाली, "आप्पाआजोबा, सही संध्याकाळी करा. आधी माझ्याबरोबर विद्यापीठात चला." दादा काही बोलले नाहीत. आम्ही गेलो.

दापोलीस कृषी महाविद्यालय निघाले १९६५ साली. आणि १८ मे १९७२ रोजी कोकणासाठी स्वतंत्र कृषी विद्यापीठ येथे स्थापन झाले, ज्यास पुढे डॉ. बाळासाहेब सावंत यांचे नाव देण्यात आले. महाराष्ट्रातील चार कृषी विद्यापीठांपैकी हे एक. राहुरी, अकोला व परभणी येथील तिघांनी देशावरच्या, विदर्भाच्या व मराठवाड्याच्या शेतीकडे पाहावे आणि याने कोकणाकडे, अशी योजना. वेंगुर्ल्याचे फळसंशोधन केंद्र १९५७ पासूनचे, ते याच विद्यापीठाच्या छत्राखाली आले. काढणीनंतर फळाचे काय करावे याच्या उच्च अभ्यासासाठी रायगड जिल्ह्यात किल्ला-रोहा येथेही विद्यापीठाची संस्था आहे.

आमच्या मनात शंका होती की अन्नप्रक्रियेचे शास्त्र तर भारतात जुनेच आहे. मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग १९३३ साली काढला, म्हैसूरला मध्यवर्ती अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था १९५० साली झाली. परभणीस अन्न तंत्रज्ञानाचे महाविद्यालय आहे. मग दापोलीस निराळे घर कशास? तयार विद्या आणावी आणि वापरावी. ही शंका आम्ही वाटेत बोलून दाखविली, तेव्हा नातीने आम्हांस एक हिशेब घातला.

ती म्हणाली, "आजोबा, वाळवणे म्हणजे हवेने पाणी उचलणे. मराठवाड्याच्या वैशाखातली हवा तहानलेली असते. ती लगेच उचलते. आपली हवा आधीच पोट भरलेली. तीस अंश उष्णतेच्या हवेत ऐंशी टक्के ओलावा असला, तर ती आणखी पाणी घेणार कोठून? पण तीच हवा बंद पेटीत पन्नास अंशांपर्यंत तापवली, तर तिची सापेक्ष आर्द्रता सुमारे सत्तावीस टक्क्यांवर येते. पाणी तेवढेच, पण हवेची भूक वाढलेली. आता ही हवा किती वेगाने जाऊ द्यायची, किती अंशांपुढे नेली तर सालीचा रंग जातो, ढगाळ दिवशी काय जाळायचे, हे सारे इथल्या हवेतच शोधावे लागते."

आम्हांस एकदम आमच्याच शेजारच्या वाडीतली एक गोष्ट आठवली. काही वर्षांपूर्वी कोणा खात्याकडून तेथील महिलामंडळास वाळवण्याचे एक मोठे यंत्र मिळाले होते. उद्घाटन झाले, हार झाले. यंत्र कोरड्या हवेच्या मुलखासाठी बनविलेले असावे; कोकणच्या ओल्या हवेत त्यात घातलेली साल वाळण्यापूर्वी आंबू लागे. बिघडले तर नीट करणारा मनुष्य जवळपास नव्हता. आज त्यावर कोंबड्या बसतात. यंत्र वाईट नव्हते, देणाऱ्याचा हेतूही वाईट नसावा. पण तो प्रश्न इथल्या अंगणात उभे राहून कोणी विचारलेलाच नव्हता.

विद्यापीठाचे काम केवळ यंत्रांचे नाही, हेही तेथे कळले. कोकमाची झाडे नर व मादी अशी निराळी असतात, आणि बी लावले तर झाड फुलावर येईपर्यंत, म्हणजे सहा-सात वर्षे, ते कोणते हे समजत नाही. कलमे बांधण्याची रीत बसविल्यामुळे ही अडचण गेली. त्याहून महत्त्वाची गोष्ट आम्हांस वाटली ती 'कोकण अमृता' या जातीची. १९९७ साली विद्यापीठाने ती दिली. तिची फळे लवकर, बहुतेक पावसापूर्वी हाती येतात. वाचकहो, हे ऐकून आम्ही क्षणभर स्तब्ध झालो. आमच्या घरात पावसाशी झगडा झाला तो चुलीपाशी, शिंकाळ्यापाशी, हातपाय गळाल्यावर. येथे कोणी तरी वाडीवाडीतून झाडे पाहत हिंडले, पावसाच्या आधी पिकणारे झाड शोधले आणि तो झगडा मुळापाशीच हलका केला. आमसूल टिकविण्याचा उपाय आमसुलात नसून झाडाच्या निवडीत असू शकतो, हे आम्हांस सुचले नसते.

प्रयोगशाळेत नातीने एक लहानसे उपकरण दाखविले. पदार्थात एकंदर पाणी किती, यापेक्षा जंतूंस वापरता येईल असे मोकळे पाणी किती, यावर त्याचे टिकणे अवलंबून असते. शुद्ध पाण्यास एक हा अंक दिला, तर ०.६ च्या खाली कोणतीही बुरशी अथवा जंतू वाढू शकत नाही. मीठ काही पाणी बांधून ठेवते, ऊन काही उडविते, आणि कोकमाचे आंबटपण जंतूंस त्रास देते. तिघांनी मिळून आमसूल राखले जाते. आमच्या आजीस हा अंक ठाऊक नव्हता. ती साल कानाशी धरून वाकवी आणि "आता झाले" म्हणे. अंक आणि कान एकाच सत्याकडे बोट दाखवीत होते. फरक इतकाच, की आजीचा कान आजीबरोबर गेला.

संध्याकाळी घरी हाच विषय निघाला. नातीने वहिनींपुढे तराजू ठेवला होता. मीठ घालण्यापूर्वी प्रत्येक मूठ तीत टाकावी असा तिचा आग्रह. वहिनी रागावल्या. "भावोजी, तुम्ही तरी सांगा हिला. पन्नास वर्षे मी आमसुले करते आहे. मीठ का कोणी मोजून घालते?" शेवटी नातीच्या हट्टापुढे त्यांनी दहा मुठी टाकल्या. दहाही मुठींची वजने नातीने वहीत मांडली, आणि मग काही न बोलता वही आमच्यापुढे केली. त्या दहांत तोळ्याचाही फरक नव्हता. आम्ही तो आकडा वहिनींस वाचून दाखविला. त्या म्हणाल्या, "मग मोजायचे कशाला?" नात हळूच म्हणाली, "आजी, माझी मूठ तुझ्याएवढी नाही ना, म्हणून."

त्या रात्री आम्हांस बराच वेळ झोप आली नाही. आमचे आयुष्य संस्कृतात गेले. वेदांचे पठण हजारो वर्षे एक मात्राही न ढळता टिकले ते कशाने? पूर्वजांनी संहितेबरोबर पदपाठ केला, क्रम केला, घन केला; एकाची चूक दुसऱ्यास सापडावी अशी व्यवस्था लावली. चरकाने हृदयास हितकर अशा दहा द्रव्यांचा जो गण सांगितला आहे, त्यात आम्र, आम्रातक म्हणजे अंबाडा, करमर्द म्हणजे करवंद आणि वृक्षाम्ल म्हणजे हेच आपले कोकम, असे चौघे आहेत. कोकणाच्या रानात चालत गेले तर हात लांबवून तोडावेत असे हे चौघे! त्यांची नावे ग्रंथात राहिली, कारण ग्रंथाची राखण करणारी परंपरा होती. पण त्या फळाला पुट कसे द्यावे, ही विद्या स्वयंपाकघरातली. तिला कोणी पदपाठ केला नाही. ती बायकांच्या मुठीत आणि कानात राहिली, म्हणून प्रत्येक म्हातारीबरोबर तिचा एक अध्याय जळाला. आम्ही स्वतः आजीजवळ बसून शब्दरूपावली घोकली. तिला एकदाही मिठाचे प्रमाण विचारले नाही. ही आमची चूक आम्ही येथे कबूल करतो.

विद्यापीठाची संशोधनशक्ती वाढविणे म्हणजे काय, याचे उत्तर आम्हांस त्या वहीत सापडले. इमारत लागते, उपकरणे लागतात, यात वाद नाही. पण उपकरण नीट ठेवणारा मनुष्य हवा, वर्षानुवर्षे तेथेच राहून तोच प्रश्न विचारणारा अध्यापक हवा, आणि त्याच्या मागून तीच वही पुढे चालविणारा शिष्य हवा. एका पावसाळ्याच्या प्रयोगावरून कोकणात काही ठरत नाही. दहा पावसाळे पाहावे लागतात. शिवाय प्रश्न अंगणातून प्रयोगशाळेत गेला पाहिजे आणि उत्तर प्रयोगशाळेतून अंगणात परत आले पाहिजे. आणि वाळवण्यासाठी डोंगरावरची झाडे तोडून जाळावी लागली, तर ज्या रानात कोकम उगवते तेच रान जाईल. म्हणून दिवसा सूर्य आणि ढगाळ दिवशी नारळाची करवंटी, सोडणे अशा टाकाऊ वस्तू, असा हिशेब आधीच मांडावा लागतो.

यात पैका आहे का, हा दादांचा सरळ प्रश्न. सकाळी चहाच्या वेळी त्यांनी तो विचारलाच. नातीने उत्तर दिले तेही सरळ. युरोपीय संघाने २००० साली चॉकलेटविषयी जो नियम केला, त्यात कोकोच्या लोण्याखेरीज पाच टक्क्यांपर्यंत चालतील असे सहाच वनस्पतिज स्निग्ध पदार्थ मान्य केले आहेत. त्या सहांत एक आपले कोकमतेल आहे आणि एक आंब्याच्या कोयीतल्या गराचे. म्हणजे जे मुठेल आजी टाचांस लावी आणि जी कोय आपण उकिरड्यावर टाकतो, त्या दोहोंची नावे त्या यादीत आहेत. २०१६ साली सिंधुदुर्ग व रत्नागिरीच्या कोकमास भौगोलिक मानांकनही मिळाले. "पण आजोबा," ती म्हणाली, "नाव यादीत आहे म्हणून पैसे येत नाहीत. दर वर्षी, दर डब्यात तोच रंग, तोच ओलावा, तीच शुद्धता देता आली तर येतात. ते आपल्याला अजून जमायचे आहे."

तिने 'जमले आहे' असे म्हटले असते तर आम्ही सही केली असती. आयुष्यभर विद्यार्थी पाहिलेल्या मास्तरास येत असलेले उत्तर आणि घोकलेले उत्तर यांतला फरक कळतो. आणि 'अजून यायचे आहे' असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्यावर त्याचा विश्वास अधिक बसतो.

आम्ही दादांस म्हणालो, "दादा, तुम्ही वडील. तुम्ही म्हणाल तर आत्ता सही करतो. पण थोरल्या बंधूंची फी ज्या पऱ्यात वाहून गेली, तो पऱ्या मला काल रात्रभर दिसत होता. माझ्या वाट्याचे म्हणाल तर मला दोन पावसाळे थांबावेसे वाटते." दादा बराच वेळ समोरच्या कोकमाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "दोन. तिसऱ्या वर्षी माझे गुडघे मला थांबू देणार नाहीत." कागद पुन्हा पेटीत गेला. गिऱ्हाइकास काय सांगावयाचे ते त्यांचे त्यांनी पाहिले.

आम्ही केले ते शहाणपणाचे की मोहाचे, हे दोन वर्षांनी कळेल. मोह असेल तर त्याचा भार दादांवर व वहिनींवर पडणार आहे, आमच्यावर नाही. पुण्यास बसून वाडी राखा म्हणणे सोपे असते, ही जाणीव आम्हांस आहे. म्हणून पेरणीनंतर लावावयाच्या कोकमकलमांचा आणि एका लहान सौरवाळवणीचा खर्च आम्ही आपल्या निवृत्तिवेतनातून देण्याचे कबूल करून आलो. नात म्हणते, पेटी ती स्वतः आखणार. आणि वहिनींनी कान लावून पसंत केल्याखेरीज ती झाली असे मानावयाचे नाही.

निघताना वहिनींनी नेहमीप्रमाणे आमसुलांची पुरचुंडी हाती दिली. या खेपेस तिला एक चिठ्ठी बांधलेली होती. तीवर फोडल्याची तारीख, पुटांची संख्या, मिठाचे वजन आणि वहिनींचे नाव नातीच्या अक्षरात होते.

आमच्या वाचकांस, विशेषतः ज्यांच्या घरी अद्याप सासू, आजी अथवा मोठ्या काकू आहेत अशांस, एक विनंती करून हा लेख पुरा करतो. या सुटीत त्यांच्याजवळ बसावे. लोणच्याचे, सांडग्यांचे, मेतकुटाचे, आमसुलाचे जे काही त्यांच्या हातात आहे, ते वजनासह, तारखेसह, त्या दिवसाच्या हवेसह लिहून घ्यावे. जवळ कृषी विद्यापीठ अथवा अन्नशास्त्र शिकविणारे महाविद्यालय असेल तर त्याची एक प्रत तेथे नेऊन द्यावी. त्या रागावतील, मूठ का मोजतोस म्हणून विचारतील. विचारू द्यावे, पण मोजावे.